लटारूनं पालथे टाकलेले पत्ते

लटारू सुतार म्हणजे भलता तापट माणूस. पोरीच्या लग्नात व्याह्यानं भाताले नावं ठेवली, तर ह्यानं भर पंगतीत वरणाचा गंज पालथा केला. वरून शपथ घेतली, बोलावल्याबिगर तुमच्या दारात पाय ठेवणार नाई. मग व्याही कशाले बोलावते? पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण त्यायनं पोरीले, वच्छलाले, धाडलंच नाई. सासरी चांद्यात तिले पोरगा झाला, चार महिन्यांचा झाला, अन् ह्या आजानं त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं. मले तर दोन्ही म्हाताऱ्यांचा राग येई.

मी मन्सूर, पोंभुर्ण्याचा शिंपी. पत्ते खेळत नाई, पण वाटतो मीच, कारण गावात दुसऱ्या कोणाचा भरोसा नाई.

दिवाळीआधी आमच्या इथी तीन पत्तीची निवड होई. पैसे नाई, चिंचोके. हर डावाले प्रत्येकानं एक मधात टाकायचा, संपले की उठायचं. शेवटी जे चौघं उरतील ते लाकडाच्या ट्रकमधून चांद्याच्या सामन्याले जायचे. पहिला उरला काय अन् चौथा उरला काय, ट्रकमधली जागा सारखीच. एवढी साधी गोष्ट लटारूच्या डोक्यात कधी शिरली नाई. दरसाल तो पत्ते न पाहताच चाल वाढवे अन् सगळ्यांच्या आधी घरी जाये.

त्या साली त्याची बायको रुखमाबाई माझ्या मशीनपाशी येऊन बसली. म्हणाली, भाऊ, ह्यायले कसंही करून चांद्याले न्या. पत्त्यांसाठी गेलो, वाटेत पोरीचं घर लागलं, असं म्हणता येते, शपथही मोडत नाई. मी लटारूले चांगला दम दिला. जिंकू नको बाप्पा, फक्त उठू नको.

बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत पाच जण उरले. मुखरूपाशी दोनच चिंचोके होते, म्हणजे तो आता उठणारच. लटारूपाशी वीस. गुणवंतरावापाशी ढीग; त्याची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली होती, ऐट नाई. त्यानं एका झटक्यात वीस चिंचोके पुढं सारले.

"काऊन लटारू, व्याह्याच्या दारात जाची हिंमत नाई, इथी तरी दाखव."

लटारूचे कान लाल झाले. हात चिंचोक्यांवर गेला. मी मनात म्हटलं, गेलं सारं. मग त्यानं पत्ते उचलून पाह्यले, अन् पालथे टाकून डाव सोडला. लोक फिदीफिदी हसले. दोन डावांनी मुखरू उठला.

गोळा करताना पत्ते पाहू नये, पण त्या डावाचे मी पाह्यले होते. लटारूचे तीन गुलाम, डाव त्याचाच होता! गुणवंतरावाचे अठ्ठी, पंजी, दुर्री, रंगही एक नाई. मी ते पटकन गड्डीत मिसळले अन् कोणाले बोललो नाई. छातीवरचा धोंडा उतरला होता.

चांद्याले मीही गेलो. सामन्यात लटारूनं पहिल्याच डावाले न पाहता सारे चिंचोके लावले अन् उठला. गुणवंतरावानं त्याच्या सात पिढ्या काढल्या. लटारू ऐकाले थांबलाच नाई. रस्ताभर तो घोकत होता, पत्त्यांसाठी आलतो, वाटेत घर लागलं.

व्याही ओट्यावरच बसला होता. त्यानं विचारलं, कशाले आले?

लटारू ओट्यापाशी गेला. मग म्हणाला, "नातू पाहाले आलो. बोलावलं नव्हतं, तरी आलो."

मी मनात म्हटलं, आता पुन्हा गंज पालथा होते. पण व्याही उठून दारातून बाजूले झाला.

"बोलावाले मले तोंड नव्हतं," तो म्हणाला, अन् आत हाक दिली, "वच्छला, पोराले घेऊन ये. तुझा बाप आला."