ढकलणारी आतेबहीण

माणसाला सावरणारे जगात पुष्कळ भेटतात. पण त्याला सावरता यावं म्हणून आधी ढकलणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती माझी सख्खी आतेबहीण आहे. माणसाचा तोल कसा टिकतो आणि लकवा मारल्यावर तो परत कसा आणता येतो, यावर ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. प्रयोगशाळा आपली म्हणायला. दोन पायांवर उभं असलेलं माणूस दिसलं की तिचं संशोधन तिथेच सुरू. माजलगावला आमच्या पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि ही नवरदेवाचे पाय बघत होती. "मुलगा गुणी आहे," येताना गाडीत म्हणाली, "पण सगळा भार उजव्या टाचेवर टाकतो." दात घासते एका पायावर, चहा पिते दुसऱ्या पायावर, तोही डोळे मिटून. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्याला हलकेच धक्का देते आणि तो कोणत्या पायानं सावरतो ते पाहते. सिरसाळ्याच्या बाजारात एक भुसार व्यापारी अशा धक्क्यानं थेट तुरीच्या पोत्यावर बसला. माफी मागायची सोडून ही आनंदानं ओरडली, "बघा, यांनी पाऊल टाकलंच नाही!" तिचं म्हणणं असं, की माणूस उभा असतो हा आपला गैरसमज आहे, तो सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो.

अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, लकवा मारला तेव्हा हे सगळं आमच्या घरात आलं. अण्णा गावचे पुढारी. नुसते खाकरले तरी ग्रामसभा गप्प व्हायची. डावी बाजू गेली आणि दवाखान्यातून आले ते आतल्या खोलीत शिरले. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड. "काठी टेकत पारावर जाऊ? त्यापरीस हितंच बरा हाय."

आतेबहीण रजा काढून आली. डॉक्टरांशी बोलली, मग वहिनींनी रचलेल्या उशा उचलून बाहेर ठेवल्या. अण्णांना उभं केलं, कमरेला रुंद पट्टा बांधून तो माझ्या हातात दिला, आणि समोर येऊन त्यांच्या छातीला धक्का दिला.

वहिनी किंचाळल्या, "अगं बाई, आजारी माणसाला ढकलती कावून?"

अण्णा लालबुंद. "मला ढकलणारा ह्या तालुक्यात अजून पैदा झाला न्हाई!"

"झालाय की," ती म्हणाली, "तुमच्यासमोर उभी आहे." आणि पुन्हा धक्का!

रागाच्या भरात अण्णा तिच्या अंगावर जायला निघाले आणि त्यांचं डावं पाऊल आपोआप पुढे पडलं. "टाकलं! पाऊल टाकलं!" ती जागच्या जागी उड्या मारू लागली. वहिनी रडू लागल्या, मी पट्टा धरून हसत सुटलो, आणि अण्णा आपल्याच पायाकडे परक्याकडे बघावं तसं बघत राहिले.

मग रोज हाच तमाशा. खिडकीशी गर्दी जमायची आणि कुस्तीला ओरडावं तसं ओरडायची, "अण्णा, सोडू नका!" अण्णाही तिला बजावायचे, "जरा जोरात ढकल, जेवली न्हाईस का?" अखेर एका सकाळी ते स्वतःच म्हणाले, "काठी आणा." पारापर्यंत चालले. ही मागोमाग, कोंबडी धरायला निघाल्यासारखे दोन्ही हात पसरून, पण बोटही न लावता. निवडणुकीत कायम त्यांच्या विरोधात उभे राहणारे पाटील धावत खुर्ची घेऊन आले. अण्णा म्हणाले, "खुर्ची तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, पाटील. मी उभा हाय." सगळा पार हसला, आणि सर्वांत मोठ्यानं पाटील.

ती निघाली त्या दिवशी अण्णा रस्त्यापर्यंत पोचवायला आले. ती पाया पडली. आशीर्वादाला त्यांचा उजवा हात उठला. डावाही उठू पाहत होता, पण कमरेपाशीच थांबला. तिनं तो पाहिला. पुढे होऊन आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एसटी येईपर्यंत तसाच धरून उभी राहिली.