सरांचा प्रश्न

नव्या पुस्तकाच्या डिंकाचा वास आला की दादरचं ते छोटं सभागृह आठवतं. वाकलेल्या अवकाशाच्या गणितावर मी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं होतं, त्यावर गप्पांचा कार्यक्रम होता. मागच्या टेबलावर बटाटेवडे निवत होते, पंखे घरघरत होते. शेवटी प्रश्न विचारायला लालबागच्या शाळेत मला भूमिती शिकवणारे सर उठले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली माझ्या पुस्तकाची प्रत. "दोनदा वाचलं गं," ते म्हणाले. "अवकाश वाकतो म्हणतेस, पण तो वाकतो कशात?" मी माईक जवळ ओढला. "सर, तुमची भूमिती नववीच्या फळ्यावरच संपली. आता राहू द्या." सगळे खो खो हसले. सरही हसले, प्रत मिटून पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत बसले. शेजारी त्यांची बायको पुटपुटली, "मी सांगत होते ना, विचारू नका म्हणून." ते मला स्पष्ट ऐकू आलं, तरी मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मला समीकरण मांडता आलं असतं, पण त्यांना कळेल असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. ते आजही नाही.