ब्रेकचं बटण

सगळी नावं गेली. अडतीस बायकांची. हिरवी अक्षरं दिसत होती, मी वाय दाबलं आणि स्क्रीन कोरी. माझं नावपण त्यातच. हात मांडीखाली दाबून बसले.

कुठली अक्षरं दाबायची त्याची चिठ्ठी साहेबांनीच दिली होती. नवीन महिन्याची हजेरीची शीट करायची, असंच दाबत जा, मधे थांबू नको, म्हणाले. मधे का थांबायचं नाही, ते तेव्हाच खटकलं होतं.

कंपनी अंबरनाथची, औषधाच्या बाटल्यांचं पॅकिंग. मी बदलापूर गावातून यायचे, दीड वर्षाचं पोर सासूकडे ठेवून. नववी नापास. हजेरी लिहिणारे दळवीकाका एकाएकी रजेवर गेले, का ते कोणी सांगेना, आणि साहेबांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. जायच्या आधी दोन दिवस काकांनी शिकवलं तेवढंच.

माऊसबिऊस काही नाही. स्लॅश दाबला की वर शब्दांची ओळ येते, तो मेनू. शब्दाचं पहिलं अक्षर दाबलं की ते काम होतं. इंग्रजी नाही आलं तरी अक्षरं पाठ पाहिजेत. मी पाढ्यासारखी केली. स्लॅश-एफ-आर, फाईल आण. स्लॅश-एफ-एस, फाईल ठेव. घाबरलीस तर कंट्रोल धरून ब्रेक दाब, काका म्हणाले, सगळ्यातून बाहेर पडशील.

ब्रेक म्हटल्यावर मी दचकलेच. आमच्यात वर्षाला दोनशेचाळीस दिवस भरले की कायम करावं लागतं. भरत आले की कंपनी बाईला घरी बसवते, त्यालाच ब्रेक म्हणतात. आणि कोणाचे किती भरले ते फक्त त्या शीटमध्ये.

तेवढ्यात पॅकिंगच्या वंदनाताई दारात आल्या, आपले दिवस विचारायला. कोरी स्क्रीन बघून तिथेच उभ्या राहिल्या. मागून साहेब.

"झालं? पुढची ओळ दाब."

स्लॅश, एफ, एस. चिठ्ठीवरचं नाव टाईप केलं, एंटर. चिठ्ठीवरचं शेवटचं अक्षर आर. मला हायसं वाटलं. आर म्हणजे आण ना, नावं परत येतील. बोट ठेवलं आणि सहज वर बघितलं. दोनच शब्द होते. दुसरा अक्षर अक्षर लावून वाचला. रिप्लेस. हा मला माहीत होता. मशीनचा पट्टा तुटला की फिटर रिप्लेस करतो, जुना काढून फेकतो. म्हणजे नावं स्क्रीनवरून गेली होती, फ्लॉपीत, ठेवलेल्या फाईलमध्ये, अजून होती. आर दाबलं की तिथूनपण जाणार.

"दाब ना."

"साहेब, हे रिप्लेस म्हणतंय."

"तुला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

मी कंट्रोल धरून ब्रेक दाबलं. मेनू गेला. हात घसरला, म्हटलं. साहेब काही बोलणार तर केबिनमध्ये फोन वाजला. ते गेले. मी स्लॅश-एफ-आर केलं, अडतीसच्या अडतीस नावं आली. मग स्लॅश-पी-पी-जी, म्हणजे छाप. प्रिंटर एवढा करकरला की जीव जातोय असं झालं. वंदनाताईंनी कागद फाडला, घडी करून ब्लाऊजमध्ये घातला आणि बाटल्या भरायला गेल्या.

त्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, युनियनकडे दिला. वंदनाताईंचे दिवस भरलेले निघाले, त्या कायम झाल्या, आणखी अकराजणी झाल्या. मला मात्र कागद छापला त्याच्या दुसऱ्या दिवशीच साहेबांनी सांगितलं, उद्यापासून तुला ब्रेक. माझे दोनशे एकतीस भरले होते.

साहेबांनी मुद्दाम केलं की त्यांनाच मेनू कळत नव्हता, मला आजपण माहीत नाही. दळवीकाका रस्त्यात भेटले तर नजर चुकवतात. मी शिकले एवढंच, आर प्रत्येक मेनूत वेगळा असतो, वरची ओळ वाचल्याशिवाय दाबू नये.

सासू म्हणते, दाबायचं होतंस, नोकरी राहिली असती. पण साहेब पाठीमागे, वंदनाताई दारात, पोर घरी आणि बोट आरवर. तुम्ही काय दाबलं असतं?