आखाजीचा फोन

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतले लोक प्रेमराजला अजूनही 'सिमकार्डवाला' म्हणतात. त्याला ते आता आवडत नाही. सात वर्षं झाली, तो पार्सलं पोचवतो. पण त्याआधीची बारा वर्षं त्याने एरंडोल, पारोळा, अमळनेरच्या आठवडे बाजारांत कंपनीची छत्री उभारून सिमकार्डं विकली. शे-दोनशे गावांतले नंबर त्याच्या हातून गेले. बाजारात माणूस दिसला की नाव विसरायचा, पण नंबर सांगायचा.

"वहिनी, तो बघा शेवटी सत्त्याहत्तरवाला चालला," असं म्हणायचा. आम्ही हसायचो.

मग त्याची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. आधी सगळ्यांना हॉटेलात जेवण मिळालं, नव्या रंगाचे टी-शर्ट मिळाले. महिन्याभराने कळलं, जळगावात दोन वितरक होते त्यांतला एकच राहणार. प्रेमराजबरोबरच्या चौदा जणांतले पाच ठेवले. त्यांत तो नव्हता.

"दोन कंपन्यांचं लग्न लागलं वहिनी," तो आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आणि वऱ्हाडालाच मांडवाबाहेर काढलं."

नोकरीचं दुःख त्याने असं हसून काढलं. तानुबाईंच्या नंबरचं त्याला काढता आलं नाही.

तानुबाई पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा ललित बापाशी भांडून सुरतेला निघून गेला होता. जाण्याआधी दोन वर्षं त्यानेच बाजारात प्रेमराजच्या छत्रीखाली आईसाठी सिमकार्ड घेतलं होतं. तानुबाईंनी त्या दिवशी पिशवीतून स्वतःचं मतदार ओळखपत्र काढून पुढे धरलं होतं. प्रेमराज म्हणाला होता, "राहू द्या अक्का, पोराचं लायसन्स आहे ना हातात." आपल्याकडे सगळे असंच करत. बाईचं कार्ड नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. बाईला कागद मागायचाच नाही, काम लवकर होतं.

ललित गेल्यावर दोन वर्षांनी त्याचे वडील वारले. त्याला ते बऱ्याच उशिरा, आईशी फोनवर बोलताना कळलं. बापाला खांदा द्यायला आलो नाही, आता गावात कोणत्या तोंडाने येऊ, असं तो म्हणाला आणि आलाच नाही. वर्षातून एकदा मात्र फोन करायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आपल्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, घरोघर वारलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. सकाळी घागर पुजली की तानुबाई फोन घेऊन उंबऱ्यात बसायच्या. ललितजवळ स्वतःचा फोन टिकत नसे. तो कधी चहावाल्याचा, कधी कुणा सोबत्याचा फोन मागून घ्यायचा. मागाहून त्या नंबरवर लावलं, तर तो तिथून गेलेला असायचा. एवढं बोलायचा, "माय, बरी शे ना?" आईचा नंबर त्याला पाठ होता. दुसरा कुठलाच नव्हता.

विलीन झाल्यावर नव्या कंपनीने जुन्या ग्राहकांची पुन्हा पडताळणी मागितली. ज्याच्या नावावर नंबर, त्याचाच अंगठा. प्रेमराजची नोकरी तोवर गेली होती. तरी तो स्वखर्चाने गावोगाव फिरून आपल्या ग्राहकांना सांगत राहिला. तानुबाईंचा कागद काढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, त्याने काय करून ठेवलं होतं.

मी कंपनीला मराठीत एक आणि इंग्रजीत एक असे दोन अर्ज लिहून दिले. ते घेऊन प्रेमराज तानुबाईंना बसने धुळ्याच्या कार्यालयात घेऊन गेला. तिथल्या मुलीने अर्ज वाचले आणि ती म्हणाली, "ग्राहक स्वतः पाहिजेत."

"अहो, ग्राहकाचाच तर फोन यायचाय!" प्रेमराज म्हणाला.

तानुबाईंनी यंत्रापुढे हात केला. "मना अंगठा लई ले ना बेटा. पाहिजे तं दोन्ही लई ले."

मुलीने खरंच घेऊन पाहिला. वाईट नव्हती ती. पण जुळला नाही. जुळणार कसा?

जानेवारीत नंबर बंद झाला. त्या वर्षीच्या आखाजीला तानुबाई बंद फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. प्रेमराजने नवं सिमकार्ड घेऊन दिलं होतं, या वेळी त्यांच्याच नावावर. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं.

प्रेमराज दर आठवड्याला जुना नंबर लावून बघायचा. दिवाळीनंतर एकदा घंटी वाजली. नंबर परभणीच्या भूमिका नावाच्या मुलीला मिळाला होता. नर्सिंग शिकत होती. पहिल्यांदा तिने फोन ठेवून दिला, दुसऱ्यांदा पोलिसांत देईन म्हणाली. तिसऱ्यांदा मी बोलले. मी सांगितलं, बाळ, मीही आई आहे. माझा मुलगा हैदराबादला असतो. ऐकून तरी घे.

तिने ऐकलं. आखाजीची तारीख लिहून घेतली. मग अधूनमधून तीच कळवायची, "काका, नाही आला अजून कुणाचा."

आखाजीला आला. दुपारी बाराला. पुरुषाचा आवाज म्हणाला, "माय?"

भूमिका घाईने म्हणाली, "थांबा, मी तुमची माय नाही, पण ठेवू नका…"

तेवढ्यात त्याने ठेवला. परकी, तरुण मुलगी बोलली, एवढंच त्याला कळलं असणार. भूमिकाने लगेच उलट फोन लावला. तो एका ट्रकवाल्याचा निघाला, सोनगढच्या पुढे सुरत हायवेवर उभ्या असलेल्या. त्याने हिंदीत सांगितलं, तो माणूस उतरून गेला, कुठे ते माहीत नाही. गेल्या सालीही आईचा नंबर बंद होता, यंदा तो दुसऱ्याला दिलाय, म्हणजे आई गेली, असं म्हणून रस्त्याच्या कडेला रडत होता. पुढच्या आखाजीला तिची घागर भरेन म्हणाला.

प्रेमराजने तानुबाईंना अर्धंच सांगितलं. ललितचा फोन आला होता, तो बरा आहे. तानुबाईंनी देवापुढे साखर ठेवली. उरलेलं अर्धं त्याने आमच्या ओट्यावर सांगितलं. "जित्या बाईची घागर, वहिनी. आणि ती मी भरायला लावली. तिनं मतदानाचं कार्ड पुढं धरलं होतं हो."

त्या रात्री मी मुलाला फोन करून विचारलं, माझा नंबर तुला पाठ आहे का? तो हसला. म्हणाला, "आई, सेव्ह आहे ना." मी तो त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

पुढच्या आखाजीला ललितचा फोन आला नाही. त्यानंतरही नाही. भूमिका आता नोकरीला लागली आहे, पण नंबर तिने बदललेला नाही. तानुबाई थकल्या आहेत. तांदळाच्या डब्यातलं कार्ड शेवटी प्रेमराजने त्यांच्या फोनमध्ये घातलं. दरवर्षी आखाजीच्या आधी तो दोन दिवस रजा टाकतो आणि नवापूरपासून सोनगढपर्यंतच्या ढाब्यांवर कागद चिकटवत जातो. पावसाळ्यात ते पुसून जातात, म्हणून पुन्हा लिहावे लागतात.

आजही संध्याकाळी कोरे कागद ठेवून गेला. पहिल्या वर्षी मी शुद्ध भाषेत लिहायला घेतलं होतं, तर म्हणाला, "वहिनी, अर्जासारखं नको. मायच्या बोलीत लिहा."

चाळीस कागद आहेत. सत्तावीस झाले. प्रत्येकावर खाली तानुबाईंचा नवा नंबर, मोठ्या आकड्यांत, आणि वर एवढंच:

ललित, माय जित्ती शे. घागर नको भरू.