कोऱ्या पानावरच्या सह्या

परवा प्राचार्यांच्या दालनातून नव्या पंचवार्षिक आराखड्याचा मसुदा आला. नुकत्याच छापलेल्या गुळगुळीत कागदाचा उग्र वास टेबलभर पसरला आणि मी एक पानही न उलटता तो गठ्ठा खणात टाकून दिला. शेजारी बसणारी नवी प्राध्यापिका म्हणाली, ‘‘मॅडम, वाचणार नाही?’’ काय सांगणार तिला? मागच्या आराखड्याचं इतिवृत्त माझ्याच हातचं. त्या वासाबरोबर मला एक माणूस आठवतो, आणि तो आठवला की मला माझी किळस येते. उगीच शब्दांची रांगोळी कशाला घालू, येते.

आमच्या ग्रंथालयात ते परिचर होते. सारं कॉलेज त्यांना मामा म्हणे. घर चकलांब्याच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत. भाऊ, भावजया, पुतणे, सगळे दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारे. घरात कोयता खाली ठेवून पुस्तकं हाती घेतलेला हा एकटाच गडी. जागा विनाअनुदानित, आज कायम होईन, उद्या होईन, या आशेवर डोक्याचे केस पिकले होते. पण त्या जागेच्या आधारावर ते हिवाळाभर गावात राहत, आणि त्यांची लेक आमच्याकडेच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसे. पुस्तकावरची धूळ ते फडक्याने झाडत नसत, तळहाताने पुसत. मला ते फार आवडायचं. आवडण्याला काय लागतं म्हणा!

त्या वर्षी मूल्यांकन समिती यायची होती. वरून फर्मान आलं की आराखडा एकट्या प्राचार्यांच्या डोक्यातून निघालेला दिसता कामा नये. प्राध्यापक, कारकून, शिपाई, सगळ्यांचा सहभाग हवा. मग काय, सभागृहात सतरंज्या पडल्या, फलक लागला, भज्यांची ऑर्डर गेली. आम्ही प्राध्यापक एकेक करून व्हिजन आणि मिशन यांवर बोललो. मीसुद्धा बोलले, आणि काय बोलले ते त्याच संध्याकाळी विसरले. शेवटी प्राचार्यांनी रीत म्हणून विचारलं, ‘‘सेवक मंडळींपैकी कुणाला काही मांडायचंय?’’ हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे कॉलेजातल्या भिंतींनाही ठाऊक असतं. मामा उठून उभे राहिले.

‘‘सायेब, दसरा आला का पोरी पुस्तकं परत कराया येतेत. परीक्षा तर लांब ऱ्हाती. कावून करतेत? तर त्या मायबापासंगं कारखान्यावर चालल्यात. मंग त्या परत येत न्हाईत, आल्या तरी बसत न्हाईत. माझं म्हननं, त्यांची पुस्तकं माघारी घेऊच नका. अन् नव्या इमारतीतल्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत, तिथं त्यांना परीक्षेपतोर ऱ्हाऊ द्या. लई पोरी टिकतील.’’

आमच्या साऱ्या भाषणांत मिळून नव्हतं एवढं त्या चार वाक्यांत होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘मामा, हे व्हिजन का मिशन?’’ आणि हशा पिकला. मीही हसले. मामा पण हसले, बिचारे, आणि खाली बसले.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. बैठकीत चहा आला की इतिवृत्ताचं रजिस्टर फिरतं. पान वरून कोरं. खाली सगळे सह्या करतात. बैठकीत काय झालं ते मागाहून, सवडीने, जसं व्हायला हवं होतं तसं लिहितात. यात वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. अशा कोऱ्या पानांवर मीही आयुष्यभर सह्या केल्यात. मामांनीही त्या दिवशी केली, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सुटं काढत. आणि माझं अक्षर बरं, म्हणून ते कोरं पान भरायचं काम माझं.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. ग्रंथालय संगणकीकृत करायचं, परिचराची जागा रद्द करून गरजेपुरता कंत्राटी माणूस घ्यायचा, हे संस्थेत आधीच ठरलेलं होतं. ‘‘फक्त सूचना खालून आलेली दिसू द्या, मॅडम. समितीला ते आवडतं. मामा उभे राहिले होतेच ना? सूचक म्हणून त्यांचंच नाव घाला.’’ त्यांच्या टेबलावर माझी पदोन्नतीची फाईल होती. तिच्यावर त्यांनी नुसता हात ठेवला. बोलायची गरजच नव्हती. मी खाली मान घालून आले आणि मामांच्या सहीच्या वर, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं की परिचराचे पद कालबाह्य झाले असल्याने रद्द करावे, अशी सूचना त्यांनी स्वतः मांडली व ती सर्वानुमते संमत झाली. त्या पानावर मुलींच्या खोल्यांना जागा उरली नाही.

समिती आली तेव्हा मामा नवा सदरा घालून आले होते. एका सदस्यांनी त्यांना विचारलं, ‘‘आराखड्यात तुमचा सहभाग होता का?’’ मामांची छाती फुगली. ‘‘व्हता की सायेब! म्या सोता उठून मांडलं. सही हाय माजी.’’ त्या गृहस्थांनी रजिस्टर पाहिलं आणि उभं राहून मामांशी हात मिळवला. इतका निःस्वार्थी कर्मचारी आपण पाहिला नाही, म्हणाले. मामांना वाटलं, पोरींचं काम झालं. दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत होते. मी तोंड चुकवत फिरत होते.

उन्हाळ्यात त्यांना पत्र मिळालं, सोबत इतिवृत्ताची प्रत. ती घेऊन ते माझ्याच दारात आले. अक्षर ओळखलं नसेल? वर्षानुवर्षं माझ्या मागणीच्या चिठ्ठ्या त्यांनीच वाचल्या होत्या. पण त्यांनी अक्षराचा विषय काढलाच नाही. ‘‘मॅडम, तुमी व्हत्या तिथं. म्या आसं बोललो व्हतो का वो? मला तर पोरींचंच आठवतंय.’’

एक शब्द पुरेसा होता. पण माझ्या फाईलवर अजून सही व्हायची होती.

‘‘हो मामा,’’ मी म्हटलं, ‘‘बोलला होतात.’’

त्यांनी कागदाची घडी घातली. ‘‘बोललो आसंन मंग. जल्मात पयल्यांदा सभेत उभा ऱ्हायलो, डोकं ठिकाणावर नव्हतं. आता कोयताच धरावा लागंल. पोरीचं तिसरं वरीस ऱ्हातंय बगा, माझ्याच तोंडानं.’’ एवढं बोलून, मला नमस्कार करून, ते गेले.

माझी पदोन्नती झाली. मामा अजूनही लोकांना सांगतात म्हणे, की माझं मीच बोलून घालवलं. जावं आणि खरं काय ते सांगून यावं, असं दर वर्षी मनात येतं. पण दिवाळीनंतर त्यांच्या घराला कुलूप असतं, आणि ते परत येतात तेव्हा माझ्या परीक्षा सुरू असतात. परीक्षा संपल्या की सुट्टीत मी गावात नसते. चकलांब्याचा रस्ता माझ्या घरापासून काही फार लांब नाही.