फाटत काहीच नाही

घडीकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण पॅराशूटच्या घड्या घालण्यात उभी हयात गेली की माणसाला दुसरं नाव उरत नाही. हौसेने विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या क्लबात, लांबलचक टेबलांच्या खोलीत ते काम करत. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं प्रवचन ऐकावंच लागे.

"रिपकॉर्ड म्हणजे काय? फाडायची दोरी. आणि ओढल्यावर फाटतं काय? काही नाही! नुसती पिशवीची पिन निघते आणि पॅराशूट उघडतं. हे नाव माणसं घेऊन उडणाऱ्या फुग्यांकडून उसनं आणलंय. फुगा जमिनीला टेकला की वाऱ्याने फरफटत जायचा. मग दोरी ओढायची, वरची पट्टी टरकन फाटायची, आतला वायू बाहेर. फाडणं तिकडेच राहिलं, नाव तेवढं आपल्याकडे आलं."

घरी काकू म्हणत, "दोरीचं कुळमूळ तोंडपाठ, आणि बायकोचं नाव विचारा!"

टोमणा रास्त होता. काकांनी त्यांना जन्मात नावाने हाक मारली नव्हती. "अगं चहा", "अगं चष्मा", "अगं, गेलीस कुठे?" संसाराची घडी तेवढ्यावर बसली होती.

एका सकाळी बूट घालता घालता काका कलंडले. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला, उजवा हात गेला, आणि अख्ख्या भाषेतून एकच शब्द मागे उरला. पाणी हवं, रिपकॉर्ड. उशी टोचते, रिपकॉर्ड. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कोणता शब्द उरेल ते कुणाच्या हातात नसतं.

काकूंना फार काही नको होतं. एकदा "अगं" हवं होतं. जेवण भरवून झालं की त्या समोर बसत.

"म्हणा, अ."

"अ."

"गं."

काका भुवया आवळून सगळा जोर लावत. "रिपकॉर्ड."

"आग लागो त्या दोरीला!"

मग काका रडत. काकूंना त्यांचे डोळे पुसावे लागत, त्यामुळे स्वतः रडायची पाळी येतच नसे.

लेक भेटायला आली त्या दिवशी काकू ओट्याशी होत्या. खोलीतून आवाज आला, "रिपकॉर्ड?" शेवट जरा वर नेलेला, किंचित वैतागलेला.

"आले हो," म्हणत काकू हात पुसत निघाल्या.

"आई, तुलाच बोलावलं कशावरून?"

काकू दारातच थबकल्या. "गेलीस कुठे, असं विचारतायत," त्या म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या.

शिकवणी त्या दिवशी संपली. हाक येई, काकू ओ देत. शेजारीण म्हणाली, "काय हो, तुमचं नाव बदललं म्हणे?"

"बदलायला आधी घेतलं कधी होतं त्यांनी?"

थंडी सरताना दुसरा झटका आला. रुग्णालयात काका उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत पडून होते. शब्द सोडाच, कण्हणंही नव्हतं. काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या काकांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, अगं नको. तेच म्हणा. रिपकॉर्डच म्हणा, मी ओ देते."

नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली. काकू वाकलेल्याच होत्या.