तीसच्या पाटीजवळचा काटा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी — कारण कळल्याशिवाय काही मानायचं नाही, हा माझा स्वभाव. म्हणून हे लिहायला जड जातंय...

साल बहात्तरच्या आसपासचं. थोरल्या दादाकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप होती. कर्जत ते नगर तो सीटा, म्हणजे प्रवासी, वाहायचा. त्या जीपवरच माझं कॉलेज झालं. वाटेत एका वाडीच्या तोंडाशी वेगमर्यादेची नवी पाटी लागली होती — ३०. दादा तिथं वेगाच्या मीटरचा काटा बरोबर तीसवर आणायचा आणि मला डिवचायचा, "बघा बी.ए.साहेब, कायदा पाळतोय न्हवं?"

एका सकाळी त्याच वाडीत गवताचा भारा घेतलेले एक म्हातारबाबा आडवे आले. ब्रेक लागला, पण जीप थांबली ती त्यांच्या पुढं जाऊन. बाबा गेले. मी शेजारीच बसलो होतो. काटा तीसवरच होता. पोलिसांनाही मी तेच सांगितलं. दादा ज्याला-त्याला म्हणायचा, "माझी चूक न्हाई. पाटी तीसची, काटा तीसवर." त्या एका वाक्याच्या आधारावर त्याला झोप लागायची.

पोलिसांकडून जीप सुटून आली. पहिल्याच फेरीला पाटीपाशी काटा धपकन खाली आला — विसाच्याही जरा अलीकडे — आणि तिथंच थांबला. जीपचा वेग तोच. वाडीचं शेवटचं घर मागं पडलं की काटा पुन्हा वर. मग रोज हेच. नगरला मीटरची केबल बदलली, तरी तेच. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबानं हात ठिवलाय काट्यावर." मी हसलो. दादा हसला नाही.

एके दुपारी अडकलेल्या काट्याकडं बघताना खालची बारीक अक्षरं मी प्रथमच वाचली. मीटर मैलांचा होता. पाटी किलोमीटरची. तीस किलोमीटर म्हणजे विसाला थोडे कमी मैल... काटा नेमका तिथंच उभा होता.

मी सांगितलं. दादानं जीप कडेला घेतली. वाकून ती अक्षरं स्वतः वाचली आणि म्हणाला, "म्हंजी मी दीडपट पळवत हुतो."

"दादा, आपल्याला कुठं माहीत होतं?"

"गाडी माझी हाय. मीटर कुनी वाचायचा — बाबानं?"

तसाच उठून तो बाबांच्या घरी गेला. त्यांची बायको बाजरी पाखडत होती. "चूक माझीच हुती, आई," दादा म्हणाला. तिनं सूप थांबवलं नाही.

"आमचं मानूस लई हळू चालायचं रे..." एवढंच बोलली.

परतताना काटा सरळ चालला. पुढं ज्यानं जीप घेतली, त्याच्याकडंही कधी अडकला नाही. दादानं मात्र त्या दिवसानंतर पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

केबल ढिली असेल, म्हणाल. मग ती त्याच पाटीपाशी, त्याच आकड्यावर का अडावी? मैलांचे किलोमीटर करायला मला शाळेतच शिकवलं होतं. बाबा जिवंत असताना ते गणित मला मांडता आलं असतं. काट्यानं नंतर मांडलं — कसं, ते आजही मला कळलेलं नाही.